धूळ कुणाची, तोंड कुणाचं? : पुरुषांच्या फेसवॉशच्या जाहिराती वाचताना

चाकणला गेलात तर एक गोष्ट करून बघा. कुठल्याही जनरल स्टोअर्समध्ये थांबा, पुरुषांच्या फेसवॉशची ट्यूब मागा आणि पुढची बाजू सोडून मागची वाचा. बारीक अक्षरात उत्पादकाचा पत्ता असतो. गार्निएच्या वस्तूंवर तिथं महाळुंगे इंगळे, चाकण-तळेगाव रोड, तालुका खेड असं छापलेलं सापडतं. लॉरिअल कंपनीचा कारखाना तिथंच आहे. म्हणजे ज्या रस्त्यावर दिवसभर कंटेनर, कंपनीच्या बसेस आणि सिमेंटचे मिक्सर धूळ उडवत असतात, त्याच रस्त्यावर ती धूळ धुवून काढायच्या वस्तू तयार होतात.

आता ट्यूब उलटी करा. पुढं काळा, राखाडी नाहीतर गडद निळा रंग. पॉवर, टर्बो, ॲक्टिव्ह असले शब्द. टर्बो हा चाकणमध्ये इंजिनाचा भाग असतो, तो तोंडाला कसा लावायचा हे विचारायची सोय नाही.

मी भोसरीत वाढले आणि सध्या पुरुषांच्या सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींवर पीएचडी करतेय, त्यामुळे असल्या ट्यूबा उलट्यासुलट्या करणं हा माझा उद्योगच झालाय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. (सिनॉप्सिसमध्येही हेच करायचं असतं, पण आपण सगळे तिसऱ्या पानापर्यंत जागतिकीकरणावरच बोलत बसतो.) या जाहिराती कामगाराच्या तोंडावरची धूळ, ऊन आणि घाम उसना घेतात आणि त्यामागचं काम गाळून टाकतात. जी गोष्ट कामाच्या जागेची होती ती पुरुषाच्या कातडीची अडचण होऊन बसते. आणि आपण संशोधक या जाहिराती फक्त 'पुरुषत्वा'च्या चष्म्यातून वाचतो, तेव्हा गाळलेलं काम आपणही परत आणत नाही.

आधी जाहिराती. आपल्याकडं या बाजाराची सुरुवात सांगताना बहुतेक जण इमामीच्या 'फेअर अँड हँडसम'पासून सांगतात, ते वर्ष २००५. हिंदुस्तान लिव्हरची 'फेअर अँड लव्हली' १९७५ पासून होती आणि ती गुपचूप लावणारे पुरुष घरोघर होते. कंपन्यांनी हेच हेरलं. २००७ पासून शाहरुख खान ज्या जाहिरातींत दिसू लागला, त्यांचा गाभा एवढाच होता: लपूनछपून बायकांचं क्रीम का लावतोस, तुझी त्वचा वेगळी आहे, तुझं क्रीम वेगळं घे. इमामीपाठोपाठ हिंदुस्तान लिव्हरनंही पुरुषांसाठी 'मेन्झ ॲक्टिव्ह' आणलं होतं.

'तुझी त्वचा वेगळी' हे वाक्य आमच्या विषयात दर दुसऱ्या पेपरमध्ये तपासलं जातं. निष्कर्ष ठरलेला असतो: पुरुषाला बायकी वाटू नये म्हणून जाहिरात त्याला मर्दानी परवाना देते. यात चूक काही नाही. गॉफमनचं 'जेंडर ॲडव्हर्टाइझमेंट्स' हे १९७० च्या दशकातलं पुस्तक घेऊन बसलं की दुपारभरात एवढं हाती लागतं. जाहिरातीतल्या बायका वस्तूला हलकेच, नुसता स्पर्श करतात, घट्ट धरत नाहीत, असं गॉफमननं फोटोंवरून दाखवलं होतं. आता पुरुषांच्या फेसवॉशची जाहिरात आवाज बंद करून बघा. तो चेहऱ्याला हात लावत नाही, चेहऱ्यावर हात मारतो. पाणी शिंपडत नाही, आदळतो. पाण्याचा असा फवारा उडतो की जणू अग्निशामक दलाची गाडी आलीय. पाण्याचं लक्षात ठेवा, त्याच्याकडं परत यायचंय.

पण परवाना कुठून मिळतो, हा पुढचा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पुरुषाची त्वचा वेगळी का, तर तो उन्हात असतो, बाइक चालवतो, धुळीत फिरतो, त्याला घाम येतो. म्हणजे तो बाहेर, कामावर असतो. सगळा युक्तिवाद कामावर उभा आहे. आणि काम दिसतं का कधी? नायक बाइकवरून येतो, हेल्मेट काढतो, आरशात बघून कपाळाला आठी घालतो आणि पुढच्या क्षणी काचेच्या इमारतीत, नाहीतर मुलीसमोर. तो बाइकवरून कुठून आला हे जाहिरात सांगत नाही. मधली आठ तासांची शिफ्ट संकलनात कापली जाते.

बाइकवरून आठवलं. ही मर्दानी भाषा चाकणला फेसवॉशनं आणलेली नाही. २००१ मध्ये बजाजनं पल्सर आणली तेव्हा तिची ओळख 'डेफिनेटली मेल' अशी करून दिली होती, आणि ती गाडी चाकणच्या कारखान्यात बनायची. तिथं मर्दपणा यंत्रात होता, चालवणाऱ्याच्या अंगाला तो नंतर चिकटायचा. चालवणारा रापलेला असला तरी त्या जाहिरातीचं काही बिघडत नव्हतं. पुढच्या काही वर्षांत तोच तरुण, तीच बाइक, आणि आता त्याच बाइकवरून फिरल्यामुळं त्याचं तोंड काळवंडलंय असं त्याला सांगितलं जाऊ लागलं. एका धंद्यानं जे विकलं त्याचा परिणाम दुसऱ्या धंद्यानं दोष म्हणून दाखवला. यात कुणाचा कट नाही, पण या दोन्ही जाहिराती शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हे दिसत नाही. आपण 'सौंदर्यप्रसाधनं' हा कप्पा करतो आणि बाइक दुसऱ्या कप्प्यात टाकतो.

'रापलेला' हा शब्दही नीट बघा. मराठीत चेहरा रापतो तेव्हा त्यात कमीपणा असतोच असं नाही. रापलेला शेतकरी, रापलेला नाखवा म्हटलं की अनुभवाची एक पावती त्यात असते. जाहिरातींच्या मराठीत हा शब्द जवळपास सापडत नाही. तिथं 'टॅन' येतो, 'डलनेस' येतो, 'काळे डाग' येतात. रापणं ही घडत गेलेली गोष्ट आहे, तिला काळ आणि कारण दोन्ही असतात. टॅन हा नुसता थर आहे, साबणासारखा धुवून टाकायचा. आशयविश्लेषण करणाऱ्यांनी इंग्रजी कोडबुक जसंच्या तसं मराठी जाहिरातींना लावलं की हा फरक हातातून निसटतो. माझा निसटला होता.

इथं एक आक्षेप येईल आणि तो बरोबर आहे. गोरेपणाचा सोस कामामुळं आलेला नाही. तो जातीचा आहे, लग्नाच्या बाजाराचा आहे. राधिका परमेस्वरन आणि कविता कार्डोझा यांचा २००९ चा मोनोग्राफ गोरेपणाच्या जाहिरातींवरच आहे, तो न वाचता या विषयाला हात लावू नये. माझं म्हणणं इतकंच, की पुरुषांच्या जाहिरातींत गोरेपणाचा जुना सोस कामाच्या धुळीचं कारण पुढं करून आत शिरतो. बाईला 'तू सावळी आहेस' असं सांगितलं गेलं. पुरुषाला 'तू मुळात ठीक आहेस, उन्हानं तुझं असं केलं' असं सांगितलं जातं. दुसरं वाक्य जास्त मऊ आहे, म्हणूनच त्याला कुणी फारसं हटकत नाही. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेनं, म्हणजे आस्कीनं, गोरेपणाच्या उत्पादनांसाठी नियम केले: सावळा माणूस दुःखी, अपयशी, नाकारलेला असा दाखवू नका. चांगले नियम आहेत. पण 'ऊन, धूळ, घाम' म्हणणारी जाहिरात त्यांच्या शेजारून सहज निघून जाते. २०२० मध्ये 'फेअर' शब्दच गेला आणि 'ग्लो' आला. तेव्हा 'ग्लो अँड हँडसम' हे नाव कुणाचं यावर हिंदुस्तान युनिलिव्हर आणि इमामी मुंबई उच्च न्यायालयात भांडले. २०२५ मध्ये इमामीनं आपल्या क्रीमचं नाव 'स्मार्ट अँड हँडसम' केलं. नावं बदलली, ऊन तिथंच आहे.

आता ज्या कागदानं माझ्या प्रबंधाची दिशा बदलली त्याच्याबद्दल. २०१३ मध्ये दिल्लीतल्या एका ग्राहकानं 'फेअर अँड हँडसम'विरुद्ध तक्रार केली. ७९ रुपयांची ट्यूब, सांगितल्याप्रमाणे लावली, गोरेपणा आला नाही. प्रकरण वर-खाली फिरलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये मध्य दिल्लीच्या जिल्हा ग्राहक आयोगानं कंपनीविरुद्ध आदेश दिला: जाहिरात दिशाभूल करणारी, साडेचौदा लाख रुपये दंडात्मक नुकसानभरपाई, शिवाय तक्रारदाराला वेगळी रक्कम. जिल्हा आयोगाचा आदेश हा काही शेवटचा शब्द नसतो. बातम्यांनी दंडाचा आकडा छापला. मला महत्त्वाचा वाटला तो कंपनीचा बचाव. क्रीमचा परिणाम दिसायला नुसती ट्यूब पुरत नाही, योग्य वापर, पौष्टिक आहार, व्यायाम, चांगल्या सवयी आणि राहण्याची स्वच्छ जागा हेही लागतं, असा तो मुद्दा होता. शिवाय हे क्रीम १६ ते ३५ वयाच्या, आजारी नसलेल्या तरुणांसाठी आहे. आयोगानं म्हटलं की हे काही वेष्टनावर लिहिलेलं नाही.

ही यादी परत वाचा. आहार, व्यायाम, राहण्याची स्वच्छ जागा. खराबवाडीत किंवा महाळुंग्यात कॉट बेसिसवर राहणारी मुलं डोळ्यांपुढं आणा. एका खोलीत सहा-आठ जण, वेगवेगळ्या शिफ्टचे, त्यामुळं एकाची कॉट दुसऱ्याच्या अंगाची गरम असतानाच तिसरा झोपतो. मेसचा डबा. पाणी येईल तेव्हा. जाहिरात जे गाळते ते सगळं कंपनीच्या वकिलांनी कोर्टात स्वतः मांडलं. चेहरा हा जगण्याच्या परिस्थितीचा परिणाम असतो, हे समाजशास्त्राचं वाक्य मला प्रतिवादीच्या युक्तिवादात सापडलं. विद्यार्थ्यांना मी म्हणूनच सांगत असते: जाहिराती बघायच्या असतील तर त्यांच्यावरचे खटलेही वाचा. जाहिरातीत कंपनी ग्राहकाशी बोलते, कोर्टात ती कायद्याशी बोलते, आणि दोन्हीकडं वेगवेगळं बोलते.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर दोन कायदे शेजारी ठेवू. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा; त्यात सौंदर्यप्रसाधनं आली १९६२ च्या दुरुस्तीनं. व्याख्येचा आशय असा: स्वच्छतेसाठी, सुंदर दिसण्यासाठी, आकर्षकता वाढवण्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी अंगाला चोळायची, ओतायची, शिंपडायची वा फवारायची वस्तू. त्यात बाई-पुरुष नाही. दुसरा कायदा १९४८ चा, कारखान्यांचा. त्याच्या कलम ४२ नं कामगारांना धुण्याची पुरेशी आणि योग्य सोय देणं ही कारखान्याची जबाबदारी ठरवली, आणि 'कामगार' या शब्दात ठेकेदारामार्फत आलेलाही धरला. त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवायलाच हवेत अशा व्यावसायिक रोगांची यादी होती आणि तीत रसायनं आणि रंगांच्या संपर्कानं होणारा त्वचादाह होता. मशीन शॉपमध्ये कूलंटमध्ये हात बुडवून काम करणाऱ्यांच्या हातांना, कोपरापर्यंत, पुरळ येणं ही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे कामगाराच्या अंगावरची घाण आणि त्याच्या कातडीचं दुखणं हा मालकाच्या जबाबदारीचा विषय आहे, हे त्या कायद्यात लिहून ठेवलेलं होतं. जाहिरात तीच घाण दहा रुपयांच्या पाऊचमध्ये घालून कामगाराच्या पदरात टाकते. त्वचा वेगळी, मग इलाजही तुझा तू कर.

आता संशोधनाकडं, कारण तुमच्यातले बरेच जण 'पेट' देऊन विषय शोधत असाल. आपल्याकडं एक ठरलेला साचा आहे: 'पुरुषांच्या सौंदर्यप्रसाधन खरेदी-वर्तनाचा अभ्यास, विशेष संदर्भ पुणे शहर'. गुगल फॉर्म, पाच पर्याय, उत्तरं देणारे म्हणजे आपल्याच कॉलेजातली मुलं आणि त्यांचे मित्र. मग तक्ते, आणि निष्कर्ष असा की पुरुष आता त्वचेबाबत जागरूक होत आहेत. मी हसत नाहीये. माझा पहिला फॉर्म हुबेहूब असाच होता. पहिला प्रश्न: 'तुम्ही सौंदर्यप्रसाधने वापरता का?' होय, नाही, कधीकधी.

तो घेऊन मी मोशीत आणि चाकणला ओळखीच्या मुलांकडं गेले. सगळ्यांनी 'नाही'वर खूण केली. परभणीकडचा एक मुलगा तर म्हणाला, "ताई, आपलं काय कॉस्मेटिक-बिस्मेटिक नसतंय. तोंड धुवायचं अन् कामाला पळायचं." त्याच्या मागं भिंतीवर खिळ्याला अडकवलेल्या पिशवीतून फेसवॉशची ट्यूब डोकावत होती. मी ती दाखवली तर म्हणाला, "ते व्हय? ते सगळ्यांचंय." माझ्या फॉर्ममध्ये 'सगळ्यांचं' असा पर्याय नव्हता. ट्यूब एक, वापरणारे पाच, पैसे देणारा त्या महिन्यात ज्याचा पगार आधी झाला तो. यात ग्राहक कोण?

पुढच्या खेपेला मी माझ्या मावसभावाला विचारायला लावलं आणि स्वतः गेलेच नाही. उत्तरं बदलली. मी बाई, त्यात 'कॉलेजवाली', माझ्यासमोर कोण 'हो' म्हणणार? तो शब्दही आम्ही काढून टाकला. 'शिफ्ट सुटल्यावर अंगाला काय काय लावता', एवढंच विचारलं. आंघोळीचा साबण आला, खोबरेल आलं, डिओ आला, आणि पुण्याचं कैलास जीवन तर आलंच. भाजलं, चिरलं, भेगा पडल्या, तोंड कोरडं पडलं, सगळ्याला ते. त्याला कुणी सौंदर्यप्रसाधन म्हणणार नाही, ते औषध आहे. औषध म्हटलं की पुरुषाला जाहिरातीच्या परवान्याची गरजच पडत नाही. आणि ही सीमारेषा काही फक्त खोलीतल्या पोरांची नाही. विको टर्मरिक हे औषध की सौंदर्यप्रसाधन, हा वाद अबकारी कराच्या निमित्तानं सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. आपला प्रश्नावलीतला एक शब्द असा चौकशीविना वापरायचा नसतो.

ही चूक मोठमोठे करतात म्हणून मला थोडा दिलासा आहे. जिलेटनं २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत भारतासाठी व्हेक्टर नावाचं रेझर आणलं. चाचणी घेतली ती अमेरिकेतल्या एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. त्यांना आवडलं. भारतात ते पडलं, कारण पात्यात अडकलेले केस काढायची रचना वाहत्या नळाखाली चालणारी होती, आणि इथं बरेच पुरुष मगभर पाण्यात दाढी करतात. एमआयटीच्या होस्टेलला नळ होता. पुढं माणसं पाठवून, इथल्या घरांत तासन् तास बसून बघितल्यावर २०१० मध्ये जिलेट गार्ड आलं, १५ रुपयांचं, ५ रुपयांच्या पात्याचं. नमुना निवडण्यातली चूक शिकवताना मी आता हेच उदाहरण देते. नमुन्यात माणसं 'भारतीय पुरुष' होती, अगदी बरोबर. पण पुरुष असणं पुरेसं नव्हतं, तो कुठल्या नळापाशी उभा आहे हे लागत होतं.

आणि आता तो जाहिरातीतला फवारा आठवा. तो धबाधबा पाणी मारतो तेव्हा आपण तिथं मर्दानी आवेश वाचतो. आठ जणांत एक नळ असलेल्या खोलीत तेच दृश्य बघणाऱ्याला आधी पाणी दिसतं.

सिद्धान्ताबद्दल एक कुरकुर. आमच्याकडच्या प्रबंधांत कॉनेलचा 'वर्चस्ववादी पुरुषत्व' हा शब्द इतका येतो की तो विशेषण बनून गेलाय: मिशी दिसली, बाइक दिसली की वर्चस्ववादी. कॉनेलच्या १९९५ च्या 'मॅस्क्युलिनिटीज' या पुस्तकात ती कल्पना पुरुषांच्या आपापसातल्या संबंधांबद्दल आहे. त्याच चर्चेत 'परिघावर ढकललेली' पुरुषत्वं आहेत, जिथं वर्ग आणि वंश येतो. आपण पहिला शब्द उचलतो आणि दुसरा पुस्तकातच ठेवून येतो. वर्ग सोडला की चाकणचा कामगार आणि हिंजवडीचा इंजिनिअर दोघंही 'ग्राहक पुरुष' होतात. क्रिस्टन बार्बरचा २००८ चा केशरचनेच्या सलूनवरचा लेख यासाठी वाचा. तिथले सुखवस्तू पुरुष सलूनमध्ये जाण्याचं समर्थन करतात ते आपण न्हाव्याच्या दुकानात जाणाऱ्या कामगारांसारखे नाही असं सांगून. नटणं बायकी वाटू नये यासाठी त्यांना वर्गाची मदत होते. आपल्या जाहिरातीत गंमत उलटी आहे: सुखवस्तू नायक कामगाराची धूळ उसनी घेऊन बायकीपणातून सुटतो. कामगाराला मात्र स्वतःचीच धूळ धुवायला ट्यूब विकत घ्यावी लागते.

माझ्या म्हणण्यातली एक कच्ची बाजू आहे आणि गाईडनं ती लगेच पकडली. ही मुलं फसलेली आहेत असं मी सुचवतेय का? तसं असेल तर प्रबंध फाडून टाकावा. शिफ्ट सुटल्यावर तोंड धुवून, केस नीट करून, डिओ मारून बाहेर पडण्यात एक आनंद आहे आणि तो त्यांचा आहे. आठ तास गणवेश, हेअरनेट, मास्क, एकसारखी निळी टोपी. त्यानंतर स्वतःच्या चेहऱ्याकडं बघणं ही काही जाहिरातीनं शिकवलेली गोष्ट नाही. जाहिरातीवर टीका करताना वापरणाऱ्याला मूर्ख ठरवायचं नाही, ही कसरत आहे. मला ती दरवेळी जमते असं नाही. माझ्या मागच्या मसुद्यात 'बळी' हा शब्द तीनदा होता.

ही कसरत मला समजली ती पेंट शॉपमुळं. माझा तो मावसभाऊ गाड्यांच्या सुट्या भागांना रंग देणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करतो. गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये सिलिकॉनचं वावडं असतं. त्याचा अंशही ओल्या रंगावर पडला तर रंग त्या जागेवरून बाजूला सरतो आणि बारीक खड्डा राहतो, त्याला क्रेटर म्हणतात. म्हणून तिथं सहसा डिओ, हेअर जेल, अंगाला लावायची क्रीमं यांना बंदी असते. केसांच्या आणि त्वचेच्या कितीतरी वस्तूंत सिलिकॉन असतं. म्हणजे गाडीचा पत्रा चकाकावा म्हणून ती रंगवणाऱ्यानं काही लावून यायचं नाही. मी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. दीड वर्ष मी 'पुरुष क्रीम का लावत नाहीत' याची मानसिक कारणं गोळा करत होते आणि घरातल्या माणसाला गेटवरच मनाई होती.

मागच्या महिन्यात त्याच्या लाइनवर क्रेटर आले. सुपरवायझरनं सगळ्यांना उभं करून विचारलं, कोण काय लावून आलंय. कुणी बोललं नाही. दोघांना त्या दिवशी घरी पाठवलं, त्यात हा एक. रोज बुडाला. रविवारी तो आमच्याकडं आला तेव्हा खिशातून ट्यूब काढून म्हणाला, "ताई, तू ह्याच्यावरच शिकतेस ना? मग ह्यात सिलिकॉन हाय का नाय ते सांग की."

आम्ही दोघांनी मोबाइलचा टॉर्च लावून घटकांची यादी वाचली. सगळी इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. सातव्या की आठव्या जागी सापडलं: डायमेथिकोन. ते सिलिकॉनच असतं. त्यानं मला तो शब्द गेटपासच्या मागं मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्यायला लावला, खोलीतल्या बाकीच्यांना दाखवायला. ट्यूब मात्र टाकली नाही. म्हणाला, आता सुट्टीच्या दिवशी लावीन.

माझ्या प्रश्नावलीत आता पहिला प्रश्न असा आहे: कामावर काय लावायला बंदी आहे?